उपवासाचे ताट आणि छातीतील जळजळ

आषाढ शुद्ध नवमीस महाराष्ट्रातील अनेक घरांतून कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, भरली वांगी असा बेत होतो. पुढे चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य. तेव्हा त्यांना निरोप देण्याचा हा दिवस, म्हणूनच त्याला कांदेनवमी असे नाव पडले. मध्ये दशमीचा एक दिवस जातो न जातो तोच आषाढी एकादशी उजाडते. मग साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांची ताटात दाटी होते. द्वादशीला पारणे, आणि पारण्याला गोडधोड हवेच. या चार दिवसांत विठ्ठलाचे नाव जितक्या वेळा ओठांवर येते, जवळजवळ तितक्याच वेळा आणखी एक वाक्य घराघरांतून ऐकू येते, ते म्हणजे, ‘आज फार पित्त झालंय हो!’

छातीच्या मध्यभागी आग, घशाशी आंबट पाणी, कडू ढेकरा आणि रात्री उशीवर डोके टेकताच वाढणारी तगमग, हे सारे आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की तो उपवासाचाच एक अपरिहार्य भाग आहे अशी अनेकांची समजूत दिसते. ‘उपवास मला सोसत नाही’ असे सांगणारे पुष्कळ आढळतात. परंतु सोसत नाही तो उपवास, की उपवासाच्या नावाखाली जे पोटात जाते ते? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच रूढ केलेली नाही. आजच्या सणाच्या निमित्ताने या जळजळीचा थोडा मुळापासून विचार करावा, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न केवळ जिभेच्या संयमाचा नाही. क्वचित प्रसंगी तो प्राणांशीही येऊन भिडतो.

जळजळ होते म्हणजे काय होते?

आपल्या जठरात अन्न पचविण्यासाठी जो रस पाझरतो, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली हे प्रथम दाखवून दिले. हे आम्ल चांगलेच तीव्र असते; पण जठराच्या आतील बाजूस श्लेष्म्याचे जाड अस्तर असल्याने जठराला त्याची सहसा बाधा होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे चिलखत नाही. तिचे काम घास खाली पोहोचविण्याचे, आम्ल सोसण्याचे नव्हे. ती जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि घास गेला की मिटते. दाराशी बसलेला हा द्वारपाल जोवर दक्ष आहे तोवर जठरातील आम्ल जठरातच राहते. तो ढिला पडला की आम्ल वर चढते व अन्ननलिकेचे नाजूक अस्तर पोळते. छातीच्या हाडामागे जी आग आपल्याला जाणवते, ती हीच. हृदयाचा तिच्याशी संबंध नसतो. मात्र दोहोंची जागा इतकी जवळची की फसगत व्हावी. त्या फसगतीविषयी पुढे लिहीत आहोत.

हा द्वारपाल ढिला का पडतो, हे पाहिले म्हणजे सणावारांचा आणि जळजळीचा संबंध आपोआप उलगडतो. पहिले कारण म्हणजे अन्नाचे प्रमाण. जठर तट्ट फुगले की हे कडे वारंवार क्षणभर सैल होते. ढेकर येते ती अशीच, आणि तिच्याबरोबर आम्लही वर येते. दुसरे कारण म्हणजे स्निग्ध पदार्थ. तूप, तेल व दाणे यांनी युक्त अन्न जठरातून पुढे सरकण्यास वेळ लावते, आणि ते जितका काळ तेथे राहते तितका काळ दारावर भार पडत राहतो. तिसरे कारण आडवे होणे. बसलेल्या वा उभ्या माणसात आम्ल आपल्या वजनानेच खाली राहते. आडव्या माणसाला ही मदत मिळत नाही. पोटावर दाब पडणे हे चौथे कारण. सुटलेले पोट, कमरेला करकचून आवळलेली नाडी वा पट्टा, जेवून लगेच वाकून केलेले काम, ही सारी जठराला खालून दाबतात. तंबाखू आणि मद्य यांनी हे कडे सैल होते हेही निश्चित आहे. चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, तिखट, कच्चा कांदा, आंबट फळे यांचा त्रास कोणास होतो, कोणास होत नाही. ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ते ओळखावयाचे असते.

काही कारणे मात्र माणसाच्या हाती नसतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हे कडे शिथिल होते आणि वाढत्या गर्भाचा दाब पडतो. म्हणून त्या काळात जळजळ फार सामान्य असते. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकलेला असतो. रक्तदाबावरील व हृदयविकारावरील काही औषधांनीही हा त्रास वाढतो. अशा माणसांनी स्वतःस खादाड म्हणवून घेण्याचे कारण नाही; त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा हेच इष्ट.

ताटात काय असते?

आता उपवासाच्या ताटाकडे वळू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो स्वतः आम्ल नाही की जहाल नाही. परंतु खिचडी मोकळी व्हावी म्हणून त्यात सढळ हाताने तूप पडते, चव यावी म्हणून मिरची पडते आणि दाण्याच्या कुटाने ती भरली जाते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. त्यावर तळलेले वडे, तळलेल्या पापड्या आणि दाण्याचीच आमटी. मग रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीपेक्षा हे ताट कितीतरी अधिक स्निग्ध होते, आणि वर आपण त्यास ‘हलका फराळ’ म्हणतो!

यात एक गंमत अशी की, या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, हे सारेच मूळचे अमेरिका खंडातील. कोलंबसाने १४९२ साली त्या खंडाचा मार्ग युरोपास दाखविला, त्यानंतर ते यथावकाश आपल्या देशात आले. अर्थात त्यापूर्वीही एकादशी होती आणि उपवासही होता. खिचडी मात्र नव्हती. तेव्हा खिचडीवाचून एकादशी घडत नाही असे मानण्याचे काहीच कारण उरत नाही. जो पदार्थ रूढीने ताटात आला, त्याचे प्रमाण विवेकाने कमी करता येते.

दुसरा दोष वेळेचा. सकाळपासून पोटात काही नाही; भूक मारण्यासाठी दर दोन तासांनी चहा. दुपारी एकदम भरगच्च फराळ, आणि त्यावर एकादशीची सुटी म्हणून दोन तास ताणून देणे. संकष्टी चतुर्थीला तर हा घोटाळा अधिक. चंद्रोदय रात्री उशिरा होतो. दिवसभराचा उपाशी माणूस नैवेद्य दाखवून पानावर बसतो, मोदकांवर तूप ओततो, आणि तासाभरात अंथरुणावर आडवा होतो. रिकामे पोट, मग एकाएकी मोठे जेवण, त्यातही स्निग्ध, आणि लगेच निद्रा, अशी जळजळीची सारी कारणे या व्रताच्या एका रात्रीत एकत्र येतात. यात दोष चंद्राचा नाही!

वस्तुतः जुनी रीत याहून शहाणपणाची होती. दशमीस एकभुक्त राहावे, म्हणजे एकदाच जेवावे. एकादशीस निराहार वा अल्प फलाहार करावा आणि द्वादशीस पारणे फेडावे असा तो क्रम. आदल्या रात्रीचे जेवणच नसल्याने झोपताना जठर रिकामे असे. ‘उपवास’ या शब्दाचा अर्थच मुळी जवळ वास करणे, देवाच्या सन्निध राहणे असा सांगितला जातो. त्यात स्वयंपाकघराचा वाटा कमीच अपेक्षित आहे.

एका शब्दाची अडचण

आपल्या भाषेत ‘पित्त’ हा शब्द फार उदार आहे. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’, अर्धशिशीने डोके फुटू लागले की ‘पित्ताने डोके दुखते’, छातीत आग झाली की ‘पित्त झाले’. पहिला प्रकार बहुधा त्वचेवरील वावड्याचा, दुसरा मेंदूतील मज्जासंस्थेशी निगडित, तिसरा अन्ननलिकेचा. तिन्ही भिन्न, उपचारही भिन्न. नाव मात्र एकच. आधुनिक वैद्यकात ज्यास पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा रस तर चौथाच. आयुर्वेदातील पित्त ही संकल्पना याहून कितीतरी व्यापक आहे. माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत आंबट-कडू ढेकरा आणि हृदय व कंठ यांच्या ठिकाणी होणारा दाह स्पष्टपणे सांगितला आहे. म्हणजे आपल्या वैद्यांना ही व्याधी शतकानुशतके ठाऊक होती. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, म्हणून या दिवसांत आहार हलका असावा, असेही सांगितले आहे.

शब्दाचा हा औदार्यगुण एरवी निरुपद्रवी ठरला असता. परंतु उपवासाच्या दिवशी डोके दुखले की ‘पित्ताचे’ म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतली जाते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तरास इजा करतात, आणि ज्यासाठी घेतली त्याहून मोठे दुखणे मागे लागते. गोळी कोणतीही असो, ती घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे होऊ नये; ती अन्ननलिकेतच अडकून तेथे जखम होऊ शकते. गोळी बसून आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी.

घरगुती उपाय: तारक व मारक

जळजळ झाली की थंड दूध पिण्याची रीत घरोघरी आहे. त्याने घटकाभर बरे वाटते हे खरे. पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे पुढे जठर अधिक आम्ल पाझरू लागते. म्हणून दुधाचे पेले रिचविणे हा उपचार नव्हे. खायचा सोडा आम्ल मारतो, परंतु त्यातून वायू सुटून पोट फुगते व ढेकरेबरोबर उरलेले आम्ल वर येते. शिवाय त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रोग्यास घातक. पुदिन्याचा अर्क पोटास थंड म्हणून घेतला जातो, पण अन्ननलिकेच्या तळाचे कडे तो सैल करतो. आमसुलाचे सरबत, मोरावळा, आवळासुपारी यांनी कोणास आराम पडतो, कोणाची आग वाढते; जे मानवेल ते बेताने घ्यावे.

एक प्रकार मात्र सर्वथा टाकून द्यावा. पहाटे मिठाचे कोमट पाणी पिऊन, घशात बोटे घालून ‘पित्त पाडण्याची’ सवय अनेकांना असते. काही जण ती नित्यनेमाने पाळतात. आयुर्वेदातील वमन हा वैद्याच्या देखरेखीखाली, प्रकृती पाहून करावयाचा विधी आहे. न्हाणीघरातील हा खटाटोप म्हणजे वमन नव्हे. ज्या आम्लाने अन्ननलिका पोळते, तेच आम्ल आपण होऊन तिच्यातून ओढून वर काढायचे, यास उपचार कसे म्हणावे? दातांचे कवच झिजते, घसा सोलवटतो आणि अन्ननलिकेच्या अस्तरास जखमा होतात.

औषधांनी गेल्या अर्धशतकात मोठी मजल मारली. १९७६ साली इंग्लंडात सिमेटिडीन हे औषध आले. ते ज्यांच्या संशोधनातून निघाले त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले व त्या कुळातील पँटोप्राझोल आज घरोघरी पोहोचले आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरातील एक जिवाणू वेगळा केला आणि जठरव्रणाचे एक प्रमुख कारण मसाले वा चिंता नसून तो जिवाणू आहे हे सिद्ध केले. त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. पण व्रण निराळा, जळजळ निराळी, आणि त्यांतील भेद डॉक्टरांनी करावयाचा. आम्ल रोखणाऱ्या गोळ्या उत्तम आहेत. त्या सामान्यतः जेवणापूर्वी अर्ध्या तासाने घ्यावयाच्या असतात. परंतु सल्ल्यावाचून वर्षानुवर्षे त्या गिळणे, अथवा ‘गोळी घेतली आहे, आता दोन वडे अधिक खाल्ले तरी चालेल’ असा हिशेब करणे, हे औषधाचा परवाना करण्यासारखे आहे.

पाळावयाचे पथ्य

व्रत मोडण्याची मुळीच आवश्यकता नाही. ते थोडे सावरून घ्यावे, इतकेच. खिचडी करावयाचीच तर वाटीभर करावी. तुपाचा व दाण्याच्या कुटाचा हात आखडता घ्यावा आणि मिरचीऐवजी जिऱ्यावर भर द्यावा. तळलेल्या वड्यांच्या जागी वरीचा भात, उकडलेले रताळे, केळे, पपई, काकडी, ताजे ताक घ्यावे. पोट तुडुंब भरण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे थोडे खावे. पाणी दिवसभर पीत राहावे. चहा मोजून घ्यावा आणि रिकाम्या पोटी टाळावा.

संकष्टीसारख्या व्रतात सायंकाळी थोडे फळ घेतल्यास चंद्रोदयापर्यंतची वखवख राहात नाही. चंद्रदर्शनानंतर नैवेद्याचा एखादा मोदक व मऊ वरणभात एवढ्यावर भागवावे. उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकच गोड लागतात! जेवण आणि झोप यांत निदान दोन ते तीन तासांचे अंतर असावे. घरात एकाला दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायचे असेल, तर त्याचे पान आधी वाढावे. देव रागावत नाही.

आपल्याकडे शतपावली आणि वामकुक्षी हे दोन शब्द आहेत, ते उगाच नव्हेत. जेवणानंतर सावकाश शंभर पावले चालल्याने जठरास हलके वाटते. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घेतलेली अल्प विश्रांती. डाव्या कुशीवर असता जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो व आम्ल वर येणे कठीण होते. म्हणून रात्रीही ज्यांना त्रास होतो त्यांनी डाव्या कुशीवर झोपावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंचांच्या विटा वा ठोकळे ठेवून तो भाग उंच करावा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर कंबर दुमडून पोट अधिकच दाबले जाते.

वजन वाढले असल्यास ते उतरविणे, तंबाखू, मिश्री व मद्य सोडणे, आणि कमरेचे बंधन सैल ठेवणे, हे बारमाही पथ्य होय. मधुमेहाच्या रोग्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि नित्य औषधे चालू असणाऱ्यांनी कडक उपवास करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. आणि उपवास आहे म्हणून रोजचे औषध चुकवू नये.

केव्हा वाट पाहू नये

आता ज्या फसगतीचा वर उल्लेख केला, तिच्याकडे येतो. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा जळजळीचे सोंग घेऊन येतो. उपवासाच्या रात्री घरातील वडीलधारे छाती चोळीत बसतात, आणि ‘खिचडी बाधली असेल, सकाळपर्यंत बरे वाटेल’ असे म्हणून सोडा देऊन त्यांना निजविले जाते. ती सकाळ सर्वांनाच लाभते असे नाही. छातीत आगीपेक्षा ओझे ठेवल्यासारखा दाब वाटणे, कळ डाव्या हातात, जबड्यात, मानेत वा पाठीत जाणे, दरदरून घाम सुटणे, धाप लागणे, चालता वा जिना चढताना कळ वाढणे, यांपैकी काहीही असल्यास त्यास पित्त म्हणू नये. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये व मधुमेहींमध्ये तर केवळ मळमळ, अस्वस्थता आणि थकवा एवढ्यावरच झटका येऊन जातो. शंका आली तरी पुरे. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा किंवा तडक रुग्णालय गाठावे. तपासणीत पित्तच निघाले तर एका फेरीपलीकडे काही गमावले नाही. नाही निघाले तर एक माणूस वाचला.

याखेरीज घास गिळताना अडणे, कारणावाचून वजन घटणे, उलटीत रक्त वा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ पडणे, डांबरासारखे काळे शौच होणे, रक्त कमी झाल्याचे आढळणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. आठवड्यातून दोनदा वा अधिक वेळा होणारी जळजळ काही आठवडे टिकली, तरीही जावे. वर्षानुवर्षे आम्लाने पोळत राहिलेली अन्ननलिका सुजते, आकसते, आणि क्वचित तेथे कर्करोगाची भूमीही तयार होते.

चातुर्मासाचे चार महिने आता सुरू होत आहेत. श्रावणी सोमवार, संकष्ट्या, नवरात्र असे अनेक उपवास पुढे आहेत. या काळात कोणी कांदा सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एक वेळचे जेवण सोडतो. ज्यांना छातीतील जळजळीची खोड आहे, त्यांनी यंदा रात्रीचा दुसरा वाढप सोडण्याचा नेम धरावा, असे आम्ही सुचवितो. आणि घरातील कर्त्या माणसांनी आणखी एक नेम धरावा: छाती दुखते असे कोणी म्हणाले, तर त्याचे नाव आपण होऊन ठेवू नये. पित्त की दुसरे काही, हे तपासणीने ठरू द्यावे.